न्यू जर्सीत हँडगन घेण्याआधी: आधी व्हिसा, मग परमिट, मग दुकान

नव्या ऑफिसात रुळायला लागलं की कुणीतरी सहज विचारतं, "शनिवारी शूटिंग रेंजवर येणार का?" बंदूक तिथेच भाड्याने मिळते, डोळ्यांवर चष्मा, कानांवर मफ्स, तासाभराचा खेळ. माझ्या ओळखीतला एक मुलगा असाच निघाला होता. एच-१बीवर होता, येऊन वर्षही झालं नव्हतं. आदल्या रात्री त्याने मला फोन केला तो पायात बूट कसले घालू हे विचारायला. मी म्हटलं, बूट राहू देत, तू जाऊच नकोस. का जाऊ नको हे समजावताना अर्धा तास गेला आणि जाणवलं की आपल्या माणसांना हे आधी कुणी सांगतच नाही. घर कसं घ्यावं, टॅक्स कसा भरावा, मुलांना कुठल्या शाळेत घालावं, यावर इथे शंभर जण बोलतात. बंदुकीच्या कायद्यावर कुणी बोलत नाही, आणि चूक झाली तर सगळ्यात महाग तीच पडते.

म्हणून हा लेख. बंदूक घ्यावी की न घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. घ्यायचीच असेल तर न्यू जर्सीत ती कोणत्या क्रमाने घ्यायची, एवढंच सांगतो. क्रम चुकवायचा नाही.

पहिली पायरी: स्वतःचा व्हिसा बघा

हा भाग राज्याच्या कायद्याचा नाही, केंद्राच्या कायद्याचा आहे आणि तो पन्नासही राज्यांत लागू आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. यात एच-१बी आला, एच-४ आला, एल-१, एफ-१ आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आई-बाबांचा बी-२ सुद्धा आला. 'जवळ बाळगणं' म्हणजे विकत घेणंच नव्हे. रेंजवर भाड्याची पिस्तूल हातात धरणं हेही त्यात मोडतं. वैध शिकारीचं लायसन्स असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला न विचारता त्यांच्या भरवशावर कुणी जाऊ नये. शिक्षा १५ वर्षांपर्यंतची आहे, आणि शिक्षा राहू द्या, बंदुकीचा गुन्हा सिद्ध झाला तर तेवढ्या कारणावरून देशाबाहेर काढता येतं. ग्रीन कार्ड असलं तरी.

ग्रीन कार्डधारकाला बंदूक घेता येते, नागरिकाला तर येतेच. आपल्यातले कित्येक जण दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं रांगेत आहेत. आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झालाय, आता काय फक्त कार्ड छापून यायचं बाकी, असं म्हणून घाई करू नका. कार्ड हातात पडू द्या.

आणि मित्रासाठी बंदूक घेऊ नका. "तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, तू घे, मी पैसे देतो" असा प्रस्ताव आला तर तिथेच थांबवा. दुकानात भरायच्या केंद्रीय फॉर्मवर अगदी सुरुवातीलाच विचारतात की खरा खरेदीदार तुम्हीच का. तिथे खोटं 'हो' लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

दोन कागद, दोन कामं

न्यू जर्सीची पद्धत १९६६ सालची आहे. गव्हर्नर रिचर्ड ह्यूज यांच्या काळात हा कायदा झाला आणि त्याचा गाभा आजही तोच आहे: आधी पोलिसांकडून परवानगी, मग खरेदी. देशातल्या बऱ्याच राज्यांत असं नाही. तिथे दुकानात जाऊन, पार्श्वभूमी तपासणी होऊन, त्याच दिवशी पिस्तूल घरी आणता येतं. टेक्ससहून बदली होऊन आलेल्यांचा इथेच गोंधळ उडतो.

पहिला कागद म्हणजे फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड. सगळे त्याला नुसतं 'आयडी कार्ड' म्हणतात. रायफल आणि शॉटगन घ्यायला हे लागतं, आणि हँडगनच्या गोळ्या घेतानाही बहुतेक वेळा हेच दाखवलं जातं. हे कार्ड आता दहा वर्षं चालतं. आधीच्या कार्डांना मुदत नव्हती.

दुसरा कागद म्हणजे परमिट टू पर्चेस अ हँडगन. हे हँडगनसाठी, आणि एका हँडगनला एक. दोन पिस्तुलं हवी असतील तर दोन परमिटं. परमिट ९० दिवस चालतं, योग्य कारण दिलं तर आणखी ९० दिवस वाढवून मिळतं. ३० दिवसांत एकच हँडगन घेता येते, हा नियम २०१० पासून आहे. वय किमान २१ लागतं.

दोन्हींसाठी एकदमच अर्ज करा. आज फक्त पिस्तूल हवं असलं तरी आयडी कार्ड काढून ठेवा, कारण पिस्तूल घरी आलं की गोळ्या घ्यायला पुन्हा काउंटरवर जावं लागतंच आणि परमिट तोवर वापरून संपलेलं असतं.

फी २०२२ च्या अखेरीस वाढली. आयडी कार्ड ५ डॉलरला मिळायचं, ते ५० झालं. हँडगनचं परमिट २ डॉलरचं होतं, ते २५ झालं. बोटांच्या ठशांचा खर्च वेगळा.

आणि 'बंदूक' कशाला म्हणायचं याचीही इथे वेगळी व्याख्या आहे. जत्रेत फुगे फोडायला छऱ्याची बंदूक असते ना, तसली एअर गन आणि बीबी गन न्यू जर्सीच्या कायद्यात 'फायरआर्म' आहे. छऱ्याच्या पिस्तुलाला हँडगनचं परमिट लागतं, छऱ्याच्या रायफलीला आयडी कार्ड. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ती मोठ्या दुकानाच्या शेल्फवर खेळाच्या सामानात टांगलेली दिसते. मुलाच्या वाढदिवसाला तिथून उचलून पूल ओलांडून आणलीत तर घरी परततानाच गुन्हा झाला. हे मी तीन-चार घरांत सांगितलंय आणि प्रत्येक वेळी समोरच्याचा चेहरा उतरलाय.

अर्ज कुणाकडे करायचा

तुम्ही राहता त्या टाऊनच्या पोलिसांकडे. वाचायला सोपं वाटतं, पण पोस्टाचा पत्ता आणि टाऊन एक नसतात. इझलिनला राहणाऱ्याचे पोलीस वुडब्रिज टाऊनशिपचे, कारण इझलिन नावाची स्वतंत्र म्युनिसिपालिटीच नाही. पत्त्यावर 'प्रिन्स्टन जंक्शन' असेल तर तुम्ही वेस्ट विंडसरमध्ये आहात. प्लेन्सबोरोतल्या बऱ्याच घरांच्या पत्त्यावरही प्रिन्स्टन असतं. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल कुठून येतं ते बघा, भाड्याने राहत असाल तर मालकाला विचारा. ज्या गावाला स्वतःचं पोलीस खातं नाही, तिथला अर्ज स्टेट पोलिसांच्या ठाण्यात जातो.

अर्ज आता ऑनलाइन, स्टेट पोलिसांच्या पोर्टलवर भरायचा असतो. सुरू करण्याआधी तुमच्या पोलीस खात्याचा ओआरआय क्रमांक हाताशी ठेवा. तो खात्याच्या वेबसाइटवर असतो, नाहीतर फोन करून विचारा. त्या क्रमांकावरून तुमचा अर्ज नेमक्या टेबलावर पोचतो. चुकला तर अर्ज भलत्या गावात जाऊन पडतो.

अर्ज भरताना

सगळ्यात जास्त वेळ नावावर द्या, विशेषतः बायकांनी. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. पासपोर्टवर एक नाव, ग्रीन कार्डावर मधलं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त आद्याक्षर. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं दिसतात. आधीची सगळी नावं विचारतात तिथे सगळी लिहा. एक संध्याकाळ काढून तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा. 'व्ही' आहे की 'डब्ल्यू', 'ई' आहे की 'आय', इथपर्यंत.

मग प्रश्न येतात. गुन्ह्याबद्दल, घरगुती हिंसाचाराबद्दल, कोर्टाच्या मनाई हुकुमाबद्दल, व्यसनाबद्दल, मानसिक आजारासाठी कधी दाखल केलं होतं का याबद्दल. मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमतीही द्यावी लागते. समुपदेशकाकडे गेलं म्हणून आपोआप नकार मिळत नाही, पण खोटं उत्तर दिलं तर तो तिसऱ्या दर्जाचा गुन्हा आहे, तीन ते पाच वर्षांचा. आठवत नसेल तर कागद शोधा, वकिलाला विचारा, वाटलं तर अर्ज महिनाभर पुढे ढकला. अंदाजाने 'नाही' लिहू नका.

गांजाचं वेगळं सांगायला हवं. न्यू जर्सीत तो दुकानात उघड विकत मिळतो, राज्याचा कायदा परवानगी देतो. पण दुकानातल्या केंद्रीय फॉर्मवर गांजा घेता का हे विचारतात, आणि तिथेच स्पष्ट छापलंय की राज्याने परवानगी दिली तरी केंद्राच्या कायद्यात तो बेकायदाच आहे. त्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊन पुढे जाणं आणि खरं उत्तर देऊन बंदूक मागणं, दोन्ही रस्ते बंद.

दोन ओळखीच्या प्रतिष्ठित व्यक्तींची नावं संदर्भ म्हणून द्यावी लागतात. त्यांना ईमेल जातो आणि त्यांनी उत्तर दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. माझा स्वतःचा अर्ज याच ठिकाणी तीन आठवडे अडकला. ज्या मित्राचं नाव दिलं होतं त्याच्या स्पॅममध्ये ते पत्र पडलं होतं, आणि मी रोज पोलिसांना दोष देत बसलो होतो. नाव देण्याआधी विचारा, आणि अर्ज पाठवलात की त्याच दिवशी फोन करून "स्पॅम बघ" म्हणून सांगा.

सुरक्षित हाताळणी आणि साठवणुकीचं प्रशिक्षणही लागतं, अर्जाच्या आधीच्या चार वर्षांत झालेलं. ही अट २०२२ च्या कायद्याने आली. काही जण ती नुसती औपचारिकता म्हणून उरकतात. तसं करू नका. आपल्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नसते. मॅगझिन (गोळ्या भरायचा कप्पा) काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, एक गोळी राहू शकते, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. प्रशिक्षकाने रिकामं मॅगझिन टेबलावर ठेवलं, स्लाइड मागे ओढली, आणि आतून सरावाची एक गोळी टुणकन उडून फरशीवर पडली. तो आवाज अजून आठवतो.

शेवटी बोटांचे ठसे. त्यासाठी आयडेंटोगोच्या केंद्रात वेळ घ्यायची. पहिल्याच अर्जाला हे करावं लागतं. त्यानंतर तुमचा एसबीआय क्रमांक (स्टेट पोलिसांच्या ओळख-नोंदीतला, बँकेचा नव्हे) कायम राहतो, पुढच्या परमिटांना पुन्हा ठसे सहसा लागत नाहीत. तो क्रमांक जपून ठेवा.

कायद्याने पोलिसांना ३० दिवस दिलेत. प्रत्यक्षात त्याहून जास्तही लागतात, टाऊनशिपवर अवलंबून. महिना उलटला की नम्रपणे फोन करा, काही कागद अडला आहे का विचारा. नकार आला तर कारण लेखी मागा. तुमच्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टात ३० दिवसांत सुनावणी मागता येते आणि त्याला फी नाही. ३० दिवस उलटू देऊ नका.

दुकानात

परमिट आणि फोटो ओळखपत्र घेऊन राज्यातल्या लायसन्सधारक दुकानात जा. पेनसिल्व्हेनियात स्वस्त मिळतं म्हणून तिथून हँडगन थेट घरी आणता येत नाही. तिथे आवडलीच तर ती न्यू जर्सीच्या दुकानात पाठवावी लागते आणि ताबा इथे मिळतो. दुकानदार केंद्राचा फॉर्म ४४७३ भरून घेतो. ग्रीन कार्डधारकांनी त्यावर आपला ए-नंबर (ग्रीन कार्डावरचा इमिग्रेशनचा क्रमांक) लिहायचा. मग स्टेट पोलिसांमार्फत लगेच एक तपासणी होते. ती झाली की व्यवहार पूर्ण.

ओळखीच्या माणसाकडून वापरलेली घ्यायची असली तरी २०१८ पासून व्यवहार दुकानदारामार्फतच करावा लागतो. जवळच्या नातेवाइकांमधल्या देवघेवीला दुकानदारातून सूट आहे, परमिटातून नाही. नवऱ्याच्या नावचं पिस्तूल बायकोच्या नावावर करायचं तर बायकोचं स्वतःचं परमिट हवं. वारसाने आलेल्या बंदुकीला मात्र परमिट लागत नाही, वारस अपात्र नसला म्हणजे झालं.

मॅगझिन १० गोळ्यांपर्यंतच. ग्लॉक १९ बरोबर इतर राज्यांत १५ गोळ्यांचं मॅगझिन येतं. इथल्या दुकानात १० चं मिळेल. ऑनलाइन मोठं मागवू नका.

नोंदणीचं विचाराल तर दुकानातून घेतलेल्या हँडगनसाठी वेगळी खेप नाही. परमिटवर बंदुकीचा तपशील चढतो आणि तो पोलिसांकडे जातो, तीच नोंद.

दुसऱ्या राज्यातून बंदूक घेऊन येताय?

इथे मात्र नोंदणी सक्तीची आहे. २०२२ पासूनच्या कायद्याप्रमाणे राज्यात राहायला आल्यावर ६० दिवसांत आयडी कार्डासाठी अर्ज करायचा आणि बाहेरून आणलेल्या बंदुकांची नोंद करायची. सामान उघडून होत नाही तोवर दोन महिने सरतात, तेव्हा हे काम खोक्यांच्या यादीत सगळ्यात वर लिहा. मोठी मॅगझिनं आणि इथे बंदी असलेल्या रायफली ट्रकमध्ये चढवूच नका. त्यांना नोंदणीची सोय नाही.

इतर राज्याचं कॅरी परमिट, म्हणजे बंदूक अंगावर घेऊन फिरायची परवानगी, न्यू जर्सी मानत नाही. शनीन ॲलन ही फिलाडेल्फियाची, दोन मुलांची आई. पेनसिल्व्हेनियाचं कॅरी परमिट होतं. २०१३ मध्ये न्यू जर्सीत तिची गाडी वाहतुकीच्या साध्या कारणावरून थांबवली, आणि तिने आपणहून पोलिसाला सांगितलं की माझ्याजवळ बंदूक आहे. तिला वाटलं आपण कायदा पाळतोय. तिच्यावर जो गुन्हा लागला त्यात पॅरोलशिवाय किमान साडेतीन वर्षांची कैद आहे. प्रकरण देशभर गाजलं आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली. ती नागरिक होती. तिच्या जागी ग्रीन कार्डावरची बाई असती तर त्या जोडीला इमिग्रेशनचं संकटही आलं असतं. हे मनात आलं की माझ्या पोटात गोळा येतो.

घरात आणि गाडीत

खरेदीचं परमिट म्हणजे बाहेर घेऊन फिरायची परवानगी नव्हे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या धंद्याच्या जागी ठेवता येते. अंगावर घेऊन फिरायला वेगळं कॅरी परमिट लागतं. २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाच्या ब्रुएन निकालानंतर ते मिळणं शक्य झालं, त्याआधी सामान्य माणसाला जवळजवळ मिळतच नव्हतं. फी २०० डॉलर, दोन वर्षांची मुदत, नेमबाजीची परीक्षा. नव्या माणसाने त्याच्या मागे लागू नये असं माझं मत आहे.

रेंजवर नेताना बंदूक रिकामी, बंद पेटीत नाहीतर कुलूपबंद डिकीत. घर ते रेंज, रेंज ते घर. वाटेत पेट्रोल, खाणं, औषध एवढ्यापुरतं थांबणं चालतं. मित्राकडे गणपतीच्या दर्शनाला जाऊन दोन तास बसणं त्यात बसत नाही.

आणि हे नीट वाचा. शाळेच्या आवारात बंदूक नेणं गुन्हा आहे, आयडी कार्ड असो की परमिट असो. आवार म्हणजे पार्किंगसुद्धा. आपली मराठी शाळा रविवारी कुठे भरते? दिवाळीचा कार्यक्रम कुठे होतो? बहुतेक वेळा कुठल्यातरी शाळेच्या इमारतीत. सकाळी रेंजवर जाऊन, डिकीत बंदूक तशीच ठेवून, दुपारी मुलांना मराठी शाळेतून आणायला गेलात तर पार्किंगमध्ये गाडी वळवताक्षणी तो गुन्हा झाला. आधी घरी जा, बंदूक तिजोरीत ठेवा, मग मुलांना आणायला निघा.

घरात १६ वर्षांखालचं मूल असेल आणि भरलेली बंदूक त्याच्या हाती लागेल अशी ठेवली तर जबाबदार तुम्ही. पेटीला कुलूप किंवा ट्रिगरला लॉक हवंच. मी तर गोळ्या वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात ठेवतो. तिजोरीचा आकडा मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका, मुलं तोच पहिला लावून बघतात. आणि बायको एच-४ वर असेल किंवा आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर तिजोरीचा आकडा त्यांना सांगू नका, किल्ली देऊ नका. अविश्वास म्हणून नव्हे. बंदूक त्यांच्या ताब्यात होती असं उद्या कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. आईला हे सांगताना अवघड वाटतं, मला वाटलं होतं. "तुझ्या व्हिसासाठी आहे" म्हटल्यावर ती समजली.

बंदूक घरी आली की त्याच दिवशी सीरियल नंबरचा फोटो काढून कागदांबरोबर ठेवा. चोरीला गेली किंवा हरवली तर कळल्यापासून ३६ तासांत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि समोरचा अधिकारी पहिला प्रश्न त्या नंबरचाच विचारतो.